सिलिकॉन खोऱ्यातली चार किलोबाइटची यात्रा

२०२४ च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला जी मंडळी सॅन होजेला गेली होती, त्यांना "तिथे काय पाहिलंत?" असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच येईल: कन्व्हेन्शन सेंटर, हॉटेल आणि त्या दोन्हींच्या मधला रस्ता. यात त्यांचा काही दोष नाही. सिलिकॉन व्हॅली ही जागा डोळ्यांना दिसतच नाही, हीच तिची गंमत आहे. नायगाऱ्याला धबधबा दिसतो, ग्रँड कॅन्यनला दरी दिसते. इथे काय दिसतं? दंतवैद्याचे दवाखाने वाटावेत अशा बैठ्या इमारती, समोर पार्किंग, मध्येच एखादं इंडियन ग्रोसरीचं दुकान. भारतातून आलेल्या आई-वडिलांना कोणी हौसेने व्हॅली दाखवायला नेलं, की तासाभराने वडील हळूच विचारतात, "बरं, ती व्हॅली कधी येणार?"

तरीही अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, बुधवारी २६ जूनला, मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी ही न दिसणारी जागा बघायला निघालो. बरोबर एक प्लास्टिकचा डबा होता. त्यात पत्त्याच्या पानाहून लहान असे पाच हिरवे सर्किट बोर्ड होते. आमची ही यात्रा त्या बोर्डांसाठी होती, म्हणून आधी त्यांची हकीकत सांगतो.

आम्ही मिशिगनवाले. आमच्याकडे हिवाळा लांब आणि बेसमेंट मोठं, त्यामुळे पुरुषमंडळींना काही ना काही नाद लागतोच. कोणी बिअर गाळतो, कोणी सुतारकाम करतो. मला जुन्या व्हिडिओ गेम्सचा नाद लागला. एका गराज सेलमध्ये अटारी २६०० हा १९७७ सालचा, लाकडी पट्टी लावलेला खोका मिळाला. (हे यंत्र १९७७ ते १९९२ अशी तब्बल पंधरा वर्षं विकलं जात होतं.) त्याच्या पोटात ६५०७ नावाचा प्रोसेसर, त्याचा वेग सेकंदाला सुमारे बारा लाख ठोके, आणि स्मरणशक्ती किती? १२८ बाइट्स. किलो नाही, मेगा नाही, नुसते बाइट्स. "बाबा, एवढ्यात तर तुमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगसुद्धा मावणार नाही," मुलगी म्हणाली. खरं होतं. पण मग तिला सांगितलं की या यंत्रात चित्र साठवायला जागाच नाही. टीव्हीचा किरण पडद्यावर २६२ ओळी ओढत जातो, आणि प्रत्येक ओळीला प्रोसेसरच्या वाट्याला फक्त ७६ ठोके येतात. तेवढ्यात पुढच्या ओळीवर काय काढायचं ते सांगून मोकळं व्हायचं. म्हणजे पंगतीत वाढपी पुढे धावतोय आणि त्याच्या मागोमाग पदार्थ शिजतोय असला प्रकार. हे ऐकल्यावर ती खुर्ची ओढून बसली.

आम्ही दोघांनी मिळून खेळ लिहायचं ठरवलं. विषय तिनेच निवडला: आट्यापाट्या. मंडळाच्या पिकनिकला एकदा वडीलधाऱ्यांनी हा खेळ मुलांना शिकवला होता. या यंत्राला तो अगदी फिट्ट बसतो. आडव्या पाट्या म्हणजे पार्श्वभूमीच्या रेघा, प्रत्येक पाटीवर डावी-उजवीकडे पळणारा एक जण, आणि त्यांना हुलकावणी देत पाट्या ओलांडणारा आपला गडी. यंत्राला एका वेळी आठ ठिपके रुंदीच्या दोनच आकृत्या येतात. पण किरण खाली सरकला की तीच आकृती दुसऱ्या पाटीवर पुन्हा वापरता येते. एकाच नटाने सात भूमिका करायच्या, गावच्या नाटकात करतात तशा. गुण मात्र देवनागरी आकड्यांत हवेत, असा तिचा हट्ट. आठ ठिपक्यांच्या रुंदीत ५ आणि ६ वेगळे दिसावेत म्हणून तिने आलेखाच्या वहीची चार पानं संपवली. इथे जन्मलेली मुलगी मराठी अंकांच्या वेलांट्यांवर दोन संध्याकाळी घालवते, हे मराठी शाळेत कधी घडलं नव्हतं.

खेळ तयार झाला, आता तो यंत्रात घालायचा कसा? त्यासाठी कार्ट्रिज लागते. (शब्दकोशात कार्ट्रिजला 'काडतूस' म्हणतात. घरात मुलीने काडतूस बनवलं असं आईला फोनवर सांगितलं नाही, एवढं बरं.) आणि कार्ट्रिजमध्ये असतो एक छोटा बोर्ड.

बोर्ड म्हणजे शेवटी काय, तर फायबरग्लास आणि इपॉक्सीची १.६ मिलिमीटर जाडीची पाटी. तिच्या दोन्ही अंगांना ३५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या साधारण निम्म्या जाडीचा, तांब्याचा पापुद्रा. नको तिथलं तांबं काढून टाकायचं, उरतात त्या तारा. आमच्या इंजिनिअरिंगच्या काळात पुण्यात पासोड्या विठोबापाशी, बुधवार पेठेतल्या दुकानांतून तांबं चढवलेली पाटी आणायची, तिच्यावर मार्करने रेघा मारायच्या आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराइडात बुडवून हलवत बसायचं. बोटं आठवडाभर पिवळी. आता हे सगळं संगणकावर होतं. किकॅड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. १९९२ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या ज्यां-पिएर शारास यांनी ते लिहायला घेतलं. त्यात आधी नकाशा काढायचा, मग भाग जागच्या जागी मांडायचे, मग रेघा ओढायच्या. एका अंगावर रेघांची फुली होत असेल तर भोक पाडून दुसऱ्या अंगाला जायचं.

आमच्या बोर्डाला २४ बोटं आहेत, पुढे बारा आणि मागे बारा, दोन बोटांत २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग अंतर. हिशोब सरळ आहे: पत्ता सांगायला १३ तारा, माहिती न्यायला ८, एक पाच व्होल्टची, दोन जमिनीच्या. झाले चोवीस. तेरातल्या बारा तारांनी ४०९६ घरांचे पत्ते होतात, म्हणून खेळ चार किलोबाइटचा. तेरावी तार म्हणजे दारावरची बेल: ती वर गेली की कार्ट्रिजने बोलायचं, खाली आली की गप्प बसायचं.

आणि इथेच खरी मेख आहे. अटारीच्या कारखान्यात बनलेल्या रॉम चिपा ही बेल वाजली की बोलत. बाजारात मिळणाऱ्या ईप्रॉम चिपांचा स्वभाव उलटा: तार खाली आली की बोलणार, वर गेली की मौन. सासूने "ये" म्हटलं की जाणारी आणि "जा" म्हटलं की येणारी सून. म्हणून दोघींच्या मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो, 'हो'चं 'नाही' आणि 'नाही'चं 'हो' करणारा. त्याचं नाव ७४०४. एका चिपेत असे सहा दुभाषे असतात, आपल्याला लागतो एकच.

आराखडा तयार झाल्यावर फायली पाठवल्या, आणि दहा दिवसांत चीनमधल्या शेनझेनहून पाच बोर्ड दारात. पाचाहून कमी ते करत नाहीत. बोर्डांची किंमत थोडे डॉलर, टपालखर्च त्याहून जास्त. (तेव्हा लहान पार्सलांना कस्टम माफ होतं. चीनच्या मालाची ती सवलत २ मे २०२५ पासून गेली, हे नवीन हौशी लोकांनी लक्षात ठेवावं.) ईप्रॉममध्ये खेळ घरीच भरला. ७४०४ मात्र मी मुद्दाम मागवला नाही. खोऱ्यात चाललोच आहोत, तर एक भाग तिथलाच घेऊ, असं ठरवलं.

तर आता यात्रा.

पहिला मुक्काम पालो आल्टो, ८४४ ईस्ट चार्ल्स्टन रोड. एक साधी दुमजली इमारत, समोर फुटपाथलगत एक फलक: कॅलिफोर्निया राज्याचं ऐतिहासिक स्थळ क्रमांक १०००. फेअरचाइल्ड कंपनीत रॉबर्ट नॉइस यांनी १९५९ मध्ये अनेक भाग एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर, आतल्या आत तारा जोडून, कारखान्यात बनवता येतील अशी युक्ती काढली. आज आपल्या खिशात जे काही वाजतं ते त्या युक्तीचं वंशज. तिथून जवळच, माउंटन व्ह्यूमध्ये ३९१ सॅन अँटोनिओ रोडवर, १९५६ साली शॉकलींची प्रयोगशाळा होती. तिला कंटाळून बाहेर पडलेल्या आठ जणांनी फेअरचाइल्ड सुरू केली. ती इमारत पाडली. आता तिथे फुटपाथवर ट्रान्झिस्टर आणि डायोडची भलीमोठी शिल्पं उभी आहेत.

गेमवाल्यांनी फेअरचाइल्डला आणखी एका कारणासाठी नमस्कार करावा. घरगुती यंत्रात खेळ बदलण्यासाठी रॉम असलेलं कार्ट्रिज घालायचं, ही सोय बाजारात पहिल्यांदा १९७६ साली याच कंपनीच्या 'चॅनेल एफ'ने आणली. मूळ कल्पना आल्पेक्स कंपनीच्या वॉलेस कर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल या दोघांची. ती रोज वापरता येईल अशा यंत्रात उतरवणाऱ्या चमूचे प्रमुख होते जेरी लॉसन. त्या काळी या खोऱ्यात कृष्णवर्णीय इंजिनिअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांतले ते एक. २०११ मध्ये ते वारले. मुलीने डब्यातला एक बोर्ड काढून फलकाला टेकवला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "दर्शन." मराठी शाळेत काहीतरी शिकवतात म्हणायचं.

दुसरा मुक्काम कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम, माउंटन व्ह्यू, शोरलाइन बुलेव्हार्डवर. जाल तर तीन तास राखून जा, मुलं बरोबर असतील तर चार. इथे 'पाँग'चं पहिलं यंत्र आहे. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ च्या जूनमध्ये अटारी काढली. त्यांनी अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरला सराव म्हणून टेबलटेनिससारखा खेळ बनवायला सांगितलं. त्या यंत्रात प्रोसेसर नाही, प्रोग्रॅम नाही. साठ-सत्तर साध्या लॉजिक चिपा तारांनी जोडल्या आहेत, आणि तो जोडच म्हणजे खेळ. साध्या सर्किटमुळे फळी पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोचत नसे. अल्कॉर्ननी ते तसंच ठेवलं, कारण फळी सगळीकडे पोचली असती तर दोन चांगले खेळाडू जन्मभर खेळत बसले असते. गोष्ट ऐकून मुलगी म्हणाली, "आपल्या आट्यापाट्यातपण एक फट ठेवू या." आता शेवटच्या पाटीवर उजव्या अंगाला एक फट आहे. कुठे ते शोधा.

तिसरा मुक्काम सनीव्हेल, १५७ वेस्ट एल कमिनो रिअल. इथे 'अँडी कॅप्स टॅव्हर्न' नावाचा बार होता. १९७२ मध्ये पाँगचं ते पहिलं यंत्र इथल्या एका कोपऱ्यात ठेवलं. काही दिवसांत बारमालकाचा फोन आला, यंत्र बंद पडलंय. अल्कॉर्न जाऊन बघतात तर बिघाड काहीच नाही, नाण्यांचा गल्ला भरून वाहत होता. पुढे त्या जागी 'रूस्टर टी. फेदर्स' नावाचा कॉमेडी क्लब आला. आम्ही गेलो तेव्हा पाटी त्याचीच होती आणि दार बंद. दुपारी एक वाजता विनोद कोण ऐकणार? सनीव्हेलमध्येच बोरेगस अव्हेन्यूवर अटारीच्या कचेऱ्या होत्या. तिथे आम्हाला अटारीची एकही खूण दिसली नाही.

पण सनीव्हेलला एक गोष्ट मात्र बघण्यासारखी, नव्हे, खाण्यासारखी आहे. कम्युनिटी सेंटरला लागून शहराने जर्दाळूची सुमारे दहा एकरांची बाग राखून ठेवली आहे. चिपा येण्याआधी हे सगळं खोरं फळबागांचं होतं. जर्दाळू, चेरी, आलुबुखार. तेव्हा त्याला 'मनाच्या आनंदाची दरी' अशा अर्थाचं नाव होतं. जूनअखेर म्हणजे ब्लेनहाइम जातीच्या जर्दाळूचा मोसम. हे फळ इतकं नाजूक की दुकानापर्यंत टिकत नाही, म्हणून सुपरमार्केटात सहसा दिसत नाही. हापूसची सर नाही, हे मान्य. पण झाडाखाली उभं राहून खाल्लं तर भांडायचं कारण नाही. आम्ही एक पिशवी काकूंसाठी घेतली.

वाटेत सँटा क्लारामधल्या सुट्या भागांच्या एका जुन्या दुकानात थांबलो. अशी दुकानं म्हणजे या खोऱ्याचं लॅमिंग्टन रोड. एके काळी इथे ती पावलोपावली होती. 'वीअर्डस्टफ' २०१८ मध्ये बंद झालं, 'हॉल्टेड' २०१९ मध्ये, आणि सनीव्हेललाच १९८५ साली सुरू झालेलं 'फ्राइज' तर २०२१ मध्ये सगळीकडचं एका रात्रीत आटोपलं. दि अँझा कॉलेजच्या पार्किंगमध्ये महिन्यातून एका शनिवारी पहाटे इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार भरायचा, तिथे लोक बॅटरी घेऊन खजिना शोधायला यायचे, असं मित्रांकडून ऐकलं होतं. हे एक दुकान मात्र तग धरून होतं. भिंतभर लहान लहान खण, आणि काउंटरमागे न बघता नेमका खण उघडणारे गृहस्थ. ७४०४ मिळाला, डॉलरच्या आत. ही चिप मूळची टेक्ससची लेक, पण नांदली या खोऱ्यात. पाँगच्या बोर्डावरच्या चिपा याच घराण्यातल्या.

शेवटचा मुक्काम काकूंकडे. माझ्या काकांच्या मित्राच्या या पत्नी. त्यांचं नाव लिहायला त्यांनी मनाई केली आहे. वय ऐंशीच्या घरात, काका जाऊन सहा वर्षं झाली. १९७४ मध्ये बॉटनीतली बी.एस्‌सी. आणि दोन सुटकेस घेऊन ठाण्याहून इथे आल्या. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडे उतरतोय, त्यांच्या हातची आमटी खातोय. काका काय करत हे सगळ्यांना ठाऊक. काकू काय करत, हे मी कधी विचारलं नव्हतं.

जेवणानंतर मुलीने डबा उघडला. "आजी, हे आमचं कार्ट्रिज. सोल्डरिंग मिशिगनला गेल्यावर करू."

काकूंनी चष्मा वर करून बोर्ड हातात घेतला, तिरपा धरून दिव्याखाली फिरवला. मग म्हणाल्या, "मिशिगनला कशाला? अरे, गराजमध्ये वरच्या फडताळात माझी इस्त्री आहे, काढ."

इस्त्री म्हणजे सोल्डरिंग आयर्न. त्यांच्या लाइनवरच्या मराठी बायकांनी ठेवलेलं नाव. डब्यात आयर्न, तार, ओला स्पंज ठेवायची वाटी, पाय कापायची कात्री, सगळं फडक्यात गुंडाळून. काकूंनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि मुलीला जवळ घेतलं.

"पेन्सिलीसारखी धर. आधी पायाला आणि तांब्याला दोघांना ऊब दे, मग तार लाव. तार इस्त्रीला लावायची नाही, सांध्याला लावायची. पितो बघ तो आपोआप. आता काढ. बघ, सांधा चमकला पाहिजे आणि डोंगरासारखा उतार हवा. लाडवासारखा गोळा झाला की समजायचं, आतून कच्चा."

पाच मिनिटांत सोळा पाय. मी वीस वर्षं इंजिनिअर आहे, असा हात माझ्या पाहण्यात नाही.

मग हळूहळू बोलणं निघालं. १९७७ ते १९८३ त्या एका कंत्राटी कारखान्यात बोर्ड भरायच्या. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. लांब टेबल, एका बाजूला मेक्सिकन बायका, दुसऱ्या बाजूला फिलिपिनो, पुढे पुढे व्हिएतनामी. "मला इंग्रजीआधी स्पॅनिश आकडे आले," काकू म्हणाल्या. डब्यात यांची पोळी आणि त्यांचा तोर्तिया, अदलाबदल ठरलेली. दिवसाला किती बोर्ड भरले त्याची नोंद. ते बोर्ड पुढे कुठे जात? कधी टेलिफोनला, कधी यंत्रांना, आणि "ते नाण्यांवर चालणारे खेळ असायचे ना, त्यांचेही यायचे. त्यात चिपा खूप. आम्हाला आवडायचे नाहीत."

भरून झालेले बोर्ड धुवायला एक हौद होता. गोडसर वास यायचा. दिवसअखेर डोकं हलकं व्हायचं. तेव्हा कोणी काही सांगितलं नाही, हातमोजे मागितले की मिळायचे, मागायचं कोणी नाही. पुढे पेपरात वाचलं तेव्हा कळलं. या गोष्टीचा दुसरा भाग सरकारी दफ्तरात आहे. ट्रायक्लोरोइथिलीन आणि त्याच्या भावंडांनी चिपा-बोर्ड धुतले जात, जमिनीखालच्या टाक्या गळल्या, पाणी दूषित झालं. एकट्या सँटा क्लारा काउंटीत सुपरफंड कायद्याखाली २३ जागा नोंदल्या गेल्या, अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीहून जास्त. माउंटन व्ह्यूच्या ज्या भागातून आम्ही सकाळी गाडी नेली, तिथल्या मिडलफील्ड-एलिस-व्हिस्मन पट्ट्यात भूजल साफ करण्याचं काम कित्येक दशकं चाललंय. दंतवैद्याच्या दवाखान्यासारख्या दिसणाऱ्या इमारतींखाली हेही आहे.

"मग सोडलीत का?" मी विचारलं.

"सोडली कुठली? कामच गेलं." त्या साली सगळीकडेच गेलं. १९८३ च्या फेब्रुवारीत एकट्या अटारीने १७०० जणांना घरी पाठवलं आणि उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलवलं. काकूंचा कारखानाही वर्षअखेर आटोपला. नंतर त्यांनी शाळेत मदतनीस म्हणून काम केलं. मंडळात सगळे त्यांना तेवढंच ओळखतात. "गणपतीत कोणी विचारलं तर हे सांगायचे, ही कंपनीत असते. कुठल्या कंपनीत, काय करते, ते नाही. बी.एस्‌सी. झालेली बायको मजुरी करते हे कसं सांगणार? पण या घराचं पहिलं डाउन पेमेंट माझ्या पगारातून गेलं, बरं का. दोन वर्षांचा सगळा ओव्हरटाइम." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. जर्दाळू सोलता सोलता सांगितलं.

मुलगी दिवसभराचे फलक आठवत असावी. तिने विचारलं, "आजी, तुमच्या बोर्डवर तुमचं नाव असायचं?"

"नाव नाही गं. तपासून झालं की गोल शिक्का मारायचा, त्यात नंबर. माझा सत्तेचाळीस. स्वातंत्र्याचं साल, म्हणून लक्षात राहिला."

गाडीत बसेपर्यंत मुलगी काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "बाबा, सकाळी जेवढी नावं वाचली ती सगळी डिझाइन करणाऱ्यांची होती." मी काही उत्तर दिलं नाही. मीही डिझाइन करणाराच.

खेळ चालला. मिशिगनला आल्यावर कार्ट्रिज खोक्यात सारली, बटण दाबलं आणि टीव्हीवर आट्यापाट्या आल्या. वर डाव्या कोपऱ्यात देवनागरी शून्य. काकूंनी दिलेला एकही सांधा पुन्हा तापवावा लागला नाही.

त्यानंतर आम्ही बोर्डाची दुसरी आवृत्ती काढली. बोर्डावर जी पांढरी अक्षरं छापतात, त्यांत पहिल्या आवृत्तीत फक्त खेळाचं नाव होतं. आता खालच्या कोपऱ्यात एक लहान गोल आहे आणि त्यात ४७. किकॅडमध्ये तो मुलीने काढला, मोजून चार मिलिमीटरचा. त्यातला एक बोर्ड काकूंना पाठवला. त्यांनी फोनवर आधी टपालाला किती पडले ते विचारलं, आणि मग, "बोटांना सोन्याचा मुलामा चांगला आहे, पण कडा जरा तासून घे, सॉकेट घासेल," अशी सूचना केली. कडा आता तीस अंशांत तासून येते.

शेवटी जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. पालो आल्टो ते सँटा क्लारा हा सगळा फेरा एका दिवसात होतो, पण म्युझियम रोज उघडं नसतं, वार बघून निघा. जर्दाळू हवे असतील तर जूनचा शेवट किंवा जुलैची सुरुवात साधा. आणि आपल्या मंडळात सत्तरच्या दशकात आलेल्या काकू-मावशी अजून आहेत. पुढच्या गणपतीत आरतीनंतर मोदक खाताना त्यांना एकदा विचारा, सुरुवातीला तुम्ही कुठे काम करत होता? काय ऐकायला मिळालं ते या मासिकाला लिहून पाठवा.

दुसऱ्या आवृत्तीचेही पाचच बोर्ड आले होते. तीन गेले, दोन उरलेत. ज्यांच्याकडे अटारी २६०० असेल त्यांनी संपादकांकडे कळवावं. ईप्रॉम आम्ही भरून देऊ. ७४०४ तुमचा तुम्ही आणा, आणि सांधे लाडवासारखे होऊ देऊ नका.